एकेचाळीस फ्लिक

३ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते बाजूला ठेवलं असशील, दोन दिवस तसंच पडू दिलं असशील आणि मग चहा घेता घेता उघडलं असशील. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. फोन केला नाही, कारण तू उचलला नसतास तर मला राग आला असता आणि उचलला असतास तर तोंडातून शब्द फुटला नसता. सहा वर्षांनी बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची हेच ठरत नाही, म्हणून सरळ कामाचं लिहिते.

माझ्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लासमध्ये बारा वर्षांची एक मुलगी आहे. बारीक आणि टोकदार, म्हणून बाकीच्या मुली तिला टाचणी म्हणतात. ती बीमवर फ्लिक करते. तू हे सगळं सोडून एकवीस वर्षं झाली, तेव्हा आठवण करून देते: जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि तळहाताएवढ्या रुंद फळीवर उभं राहायचं, न बघता मागे झेप घ्यायची, हात त्याच फळीवर टेकवायचे आणि पाय पुन्हा त्याच फळीवर आणायचे. सप्टेंबरपासून तिने ही फ्लिक एकेचाळीस वेळा केली आहे. एकदाही पडलेली नाही. वहीत तारखांसकट लिहिलेलं आहे.

तेवीस तारखेला निवड चाचणी आहे. पहिल्या चौघी निवासी केंद्रात जातील. तिथे फोमचा खड्डा आहे, डॉक्टर आहे, दोन वेळचं नीट जेवण आहे आणि माझ्यापेक्षा चांगले प्रशिक्षक आहेत, हे मी तुझ्याजवळ कबूल करते, दुसऱ्या कोणाजवळ करणार नाही. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नाही. म्हणजे हीच एक संधी. तिची आई गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला आहे. चारला सुटते आणि आमच्या हॉलच्या पायरीवर येऊन बसते. आत कधी येत नाही, माझी नजर लागायला नको म्हणते.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. पोरगी घाबरते. सरावाच्या आधी उलटी करते, तोंड धुऊन येते आणि काही झालंच नाही असं दाखवते. बीमवर चढण्याआधी तळपाय तीनदा पुसते. चौथ्यांदा पुसावंसं वाटलं तर पुन्हा पहिल्यापासून तीनदा. खाली उतरली की माझ्याकडे बघून विचारते, सरळ होते का? गुडघे जुळले होते का? एवढी एकेचाळीस वेळा करून तिला स्वतःचं स्वतःला काही कळत नाही, म्हणजे काय म्हणावं?

चाचणीत मला दोरीच्या बाहेर खुर्चीवर बसावं लागेल. बीमजवळ उभं राहता येत नाही. हे तिला कसं सांगावं म्हणजे तिची पाचावर धारण बसणार नाही, एवढंच कळव. लहानपणी माझ्या पोटात गोळा यायचा तेव्हा तू काहीतरी करायचीस. काय करायचीस ते मला आठवत नाही.

धाकटी

९ नोव्हेंबर

ताई,

उत्तर मिळालं. चार ओळी. त्यातल्या दोन माझ्या अक्षराबद्दल, एक माझ्या कोपराबद्दल (थंडीत दुखतो, पूर्ण सरळ होत नाही, बाकी ठीक) आणि चौथी: "ती फ्लिक करते तेव्हा तुझा हात कुठे असतो?"

मी विचारलं काय आणि तू विचारलंस काय! वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस मी मनातल्या मनात तुला उत्तरं देत होते. माझा हात जिथे असायला हवा तिथे असतो. मी बारा वर्षं शिकवते आहे. तू पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बसून नळांचे नकाशे काढतेस, तुला काय विचारायचा अधिकार?

शुक्रवारी टाचणीने दोनदा उलटी केली. दुसऱ्यांदा नुसतं पाणी. तिला म्हटलं, आज राहू दे. तर म्हणाली, नको, जमतं मला. ओठ कोरडे पडले होते आणि म्हणत होती जमतं. मग चढली आणि केली. बेचाळिसावी. खाली येऊन विचारलं, सरळ होते का?

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ऐक.

ऑगस्टमध्ये ती तीनदा पडली. शेवटच्या वेळी मांडीला एवढं काळंनिळं झालं की आईने विचारलं, कशावर आपटलीस? त्यानंतर ती बीमच्या टोकाला हात वर करून उभी राहायची आणि तशीच राहायची. दोन मिनिटं, चार मिनिटं. मग हात खाली. रडायची. मला नाही जमत म्हणायची. मी समजावलं, ओरडले, गप्प बसले, सगळं करून झालं. एक दिवस, सप्टेंबर नुकताच लागला होता, मी शेजारच्या ठोकळ्यावर उभी होते आणि ती मागे गेली तेव्हा मी दोन बोटं तिच्या कमरेला लावली. पकडलं नाही, ताई. दोन बोटं, आणि वर थोडासा रेटा. ती सुखरूप उतरली. वळून म्हणाली, "तुम्ही धरलंत?"

मी नाही म्हणाले.

तिचा तेव्हाचा चेहरा तू पाहिला असतास तर तूही नाहीच म्हणाली असतीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, तिसऱ्या दिवशीही. वाटलं, चार दिवसांनी बोटं काढून घेऊ. ती अधूनमधून विचारायची, पाठीला काहीतरी लागल्यासारखं वाटलं. मी सांगायचे, भास आहे, अंगाला हाताची सवय असते म्हणून वाटतं. आता ते विचारत नाही. बेचाळीसच्या बेचाळीस माझ्या बोटांवर झाल्यात.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे. गप्प बसण्यात तुझा हात कोण धरणार?

धाकटी

१४ नोव्हेंबर

ताई,

या वेळी उलट टपाली दीड पान. म्हणजे चांगलीच संतापली आहेस.

तू लिहिलंस, उलट्या कधीपासून सुरू झाल्या ते वहीत बघ. बघितलं. नऊ सप्टेंबर. पहिल्या खोट्या फ्लिकनंतर आठवडाभरात. मी इतके दिवस समजत होते की चाचणी जवळ येतेय म्हणून पोट बिघडतंय. तुझं पुढचं वाक्य मी तीनदा वाचलं: "तिच्या अंगाला जे कळतं ते खोटं, असं तू तिला रोज सांगतेस. मग ती स्वतःचं काय ऐकणार?"

आणि शेवटी हुकूम: तिला सांग.

सांगणं सोपं आहे गं! नऊ दिवस उरलेत. आज सांगितलं तर ती बीमवर चढणारच नाही. न सांगता नेलं तर ती सत्तेचाळीस फ्लिक केलेली मुलगी म्हणून जाईल आणि पहिल्यांदाच एकटी करेल, सगळ्यांसमोर, आणि मागे झेप घेतल्यावर तिला कळेल की आज काहीतरी कमी आहे. त्या वेळी तिचे पाय वर आणि डोकं खाली असेल. ही दोन्ही चित्रं डोळ्यांसमोर घेऊन मी जेवते, झोपते. झोपते कसली.

म्हणून मी तिसरा मार्ग काढला. हसू नकोस. ठरवलं, न सांगता बोटं काढायची. जमली तर जमली, मग सांगायचंच काय? बुधवारी मॅट दुप्पट केले आणि ठोकळ्यावर उभी राहिले. हात पाठीमागे बांधून ठेवायचा असं घोकलं होतं. ती मागे गेली आणि माझा हात आपोआप पुढे आला. पुन्हा. पुन्हा तेच. पाच वेळा ठरवलं आणि पाचही वेळा बोटं तिच्या कमरेवर. इतके दिवस मी समजत होते की तिला माझ्या हाताची सवय लागली आहे.

त्याच दिवशी चारला तिची आई पायरीवरून उठून दाराशी आली. पहिल्यांदाच. तिने सुपरवायझरकडे तेवीस तारखेची सुट्टी मागितली होती आणि ती मिळाली होती, हे सांगायला आली होती. मग म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल ते ती करेल. म्हणून तुम्हालाच विचारते. तिला जमतं ना?"

मी म्हणाले, जमतं.

तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. कारखान्यातल्या सुयांनी तिची बोटं खरखरीत झाली आहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी मी खरं सांगितलं नाही.

धाकटी

१६ नोव्हेंबर

ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. आज रविवार, क्लास बंद. मी सकाळपासून रिकाम्या हॉलमध्ये बसले आहे.

आमच्या माहितीपत्रकावर एक मजकूर छापलेला आहे. तो मी लिहिलेला. त्यात म्हटलंय की मी तेरा वर्षांची असताना माझ्या बहिणीने ऐन वेळी आधाराचा हात काढून घेतला, मी पडले, कोपराचा चुरा झाला, आणि त्या दिवशी मी स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकले. सहा वर्षांपूर्वी क्लासच्या उद्घाटनाला मी तेच भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या. तू मधेच उठून गेलीस. मी नंतर सगळ्यांना म्हणाले, तिला बस गाठायची होती.

इतक्या वेळा सांगितलं आहे की मलाही तेच आठवतं. पण बुधवारपासून ते नीट आठवेनासं झालंय, आणि त्याखालचं दुसरंच वर येतंय.

तू हात काढला नव्हतास. मी तुला बाजूला सर म्हटलं होतं.

निवड समितीचे दोघे बघायला आले होते. बाबा त्यांना खुर्च्या देत होते. मी बीमवर होते, तू ठोकळ्यावर, आणि मला लाज वाटत होती की बाकीच्या मुली एकट्या करतात आणि मला ताई लागते. मी हळूच म्हणाले, तू सर, माझं मी करते. तू सरलीस. मी पडले.

दवाखान्याच्या बोळात बाबा तुला बोलले ते मी ऐकलं होतं. दार उघडं होतं. "तुझ्या भरवशावर पोर सोडली होती मी. पुन्हा मॅटवर पाय ठेवायचा नाही." तू वीस वर्षांची होतीस, त्यांच्या हाताखाली शिकवायला लागून वर्षही झालं नव्हतं, आणि आजच्या माझ्यापेक्षा तुला शिकवण्याची जास्त हातोटी होती. तू एक शब्द बोलली नाहीस. मी प्लॅस्टर घालून पडले होते. मला हाक मारता आली असती. गळ्याला काही झालं नव्हतं.

आधी वाटलं, बाबांचा राग उतरला की सांगू. मग तू नकाशे काढायला शिकायला गेलीस, मग नोकरी. मग वाटलं, आता कशाला उकरायचं. चार वर्षांपूर्वी बाबा गेले, तेही तसंच मनात घेऊन. तू त्या दिवशी खोलीच्या त्या कडेला बसली होतीस आणि मी या कडेला, आणि येणारे लोक तुला सोडून माझ्या कोपराची चौकशी करत होते.

म्हणून माझा हात निघत नाही, ताई. कुठलीही मुलगी जमतं म्हणाली की मला माझा तेव्हाचा आवाज ऐकू येतो. मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि ठेवते असं दाखवते. शिकवण्यात मी हेच करत आले आहे.

सगळं सांगून झालं. उद्या टाचणीला सांगते. शब्द काय वापरायचे ते माहीत नाही.

धाकटी

२० नोव्हेंबर

ताई,

सोमवारी सांगितलं. तळपाय पुसून ती बीमकडे निघाली होती. तिला म्हटलं, बस, बोलायचंय. आम्ही दोघी मॅटच्या ढिगावर बसलो. सप्टेंबरपासूनचं सगळं सांगितलं. बोटं कुठे लावायची तेही दाखवलं.

ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. तिने हिशेब करणाऱ्या माणसासारखं विचारलं, "किती वेळा?"

म्हटलं, सगळ्या.

"एक तरी?"

"एकही नाही."

मग तिने हॉलमध्ये सगळीकडे बघितलं. बाकीच्या मुली आपापला सराव थांबवून उभ्या होत्या आणि तिच्याशी नजर टाळत होत्या. मला तेव्हा उमगलं. बाजूने बघणाऱ्याला माझी बोटं स्वच्छ दिसत होती. सगळ्यांना माहीत होतं. मॅडमची पद्धत असेल म्हणून गप्प राहिल्या होत्या. फक्त जिच्या पाठीला ती लागत होती तिलाच ती लागत नव्हती, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

"म्हणजे मला लागायचं ते खरं होतं," टाचणी म्हणाली. बूट घातले, नाड्या नीट बांधल्या आणि निघून गेली.

मंगळवारी आली नाही. चारला तिची आई आली, एकटीच. पायरीवर बसली नाही. आल्या आल्या म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं." मी काहीतरी बोलायला लागले, तर हाताने थांबवलं आणि गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

त्या दिवशी मी मुलींना काय शिकवलं ते आठवत नाही. मनात तुला शिव्या देत होते. सांग म्हणे. सांगितलं, आणि काय मिळालं? तीन वर्षांची मेहनत पाण्यात. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते वाटलं.

बुधवारी ती आली. उशिरा, कोणाशी न बोलता. वही मागितली. बेचाळीस काय, शेवटच्या दिवसापर्यंतच्या सगळ्या ओळींवर पट्टी धरून आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: शून्य. मग पावडरीने जमिनीवर एक सरळ रेघ काढली आणि तिच्यावर फ्लिक करायला लागली, सहा वर्षांच्या पोरी करतात तशी. मी जवळ गेले तर म्हणाली, "समोर उभ्या राहा. हात मला दिसू देत."

मी समोर उभी राहिले, हात छातीवर बांधून. चोरासारखी.

आज ती जमिनीवरून बुटक्या बीमवर आली आहे. गुडघ्याएवढा असतो तो. पाच केल्या, दोन चुकल्या. चुकली की ती थांबते, डोळे मिटते आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटते. मी विचारलं काय म्हणतेस, तर म्हणाली, कुठे चुकलं ते आठवते. उजवा खांदा आधी पडतो. मी तीन महिने तिला तेच सांगत होते आणि ती मान हलवत होती. आज पहिल्यांदा तिला ते स्वतःहून कळलं.

मला विचारायची थांबली आहे. सरळ होते का, हा प्रश्न दोन दिवसांत एकदाही आला नाही. सकाळी उलटी झालीच. जादू वगैरे काही नाही.

तीन दिवस उरलेत. उंच बीमला तिने अजून हातही लावलेला नाही.

धाकटी

२४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र शनिवारी आलं. माझ्या सोळा तारखेच्या पत्रावर तू एवढंच लिहिलंस की वाचलं. आणि पुढे, लहानपणी माझ्या पोटात गोळा यायचा तेव्हा तू काही करायची नाहीस, नुसती शेजारी बसायचीस आणि मीच बोलायला लागायचे. बरं.

आधी कालचं सांगते.

शुक्रवार-शनिवारी ती उंच बीमवर चढली. चौदा वेळा हात वर करून उभी राहिली. नऊ वेळा मागे गेली. सहा वेळा पडली, मॅट रचलेले होते म्हणून निभावलं. तीन वेळा फळीवर उतरली, एकटी. वहीत तिने स्वतः लिहिलं: तीन. मी तिला एवढंच सांगितलं की फ्लिक वगळून साधं कार्टव्हील, बाजूला हात टेकून चाकासारखं फिरायचं, घेता येतं, नियमात बसतं, गुण कमी मिळतात. ठरवायचं तुझं. घेणार आहेस का विचारलं, तर म्हणाली, वर गेल्यावर सांगते.

आई वरच्या बाकांवर होती. मला तिने ओळख दाखवली नाही आणि मी अपेक्षाही केली नव्हती. व्हॉल्ट झाला, बार झाला, फ्लोअर झालं. फलकावर टाचणी तिसरी होती. तिसरी, ताई. बीम उरला होता. फ्लिक जमली तर ती चौघींत राहणार, पडली तर गेलीच, आणि कार्टव्हील घेतलं तर पाचवी. मी हे गणित दहा वेळा केलं, दर वेळी उत्तर तेच. तिनेही केलं असणार, फलक तिच्या समोर होता.

मी दोरीबाहेरच्या खुर्चीत बसले. पंचांनी हिरवा दिवा लावला. ती चढली. पहिल्या उड्या नीट झाल्या, वळणावर थोडी हलली आणि सावरली. मग टोकाला गेली, पाठ फळीकडे केली, हात वर घेतले आणि माझ्याकडे बघितलं.

इतके दिवस अशा वेळी मी मान हलवायचे. जा, जमतं तुला. काल मानेला कसं आवरलं ते माझं मला माहीत. गेली असती तर हवी होती मला, खोटं का बोलू? आतून ओरडत होते जा जा म्हणून. आणि मागे गेली तर ती कशी पडेल तेही दिसत होतं, उजवा खांदा आधी. मी खुर्चीची कड धरून बसले आणि तिच्याकडे नुसतं बघत राहिले. हॉलमध्ये दुसऱ्या कोपऱ्यात कोणाच्या तरी फ्लोअरचं संगीत चालू होतं. ते कधी थांबलं ते कळलं नाही.

तिने हात खाली घेतले. एक पाऊल पुढे टाकलं आणि कार्टव्हील केलं. सुरेख, रेघ ओढल्यासारखं. शेवटची उडी मारून उतरली तेव्हा पाय जागचे हलले नाहीत.

पाचवी आली. चौथीच्या मागे, एका दशांशाच्या आत.

ती मोजे चढवत बसली होती, तिथे मी जाऊन बसले. घाबरलीस का, असं विचारलं. काय विचारलं मी तरी!

"घाबरले होते," ती म्हणाली. "ते नेहमीचंच आहे. पण आज होणार नाही असं मला कळलं. खांदा ऐकत नव्हता." मोजा वर ओढत म्हणाली, "तुम्ही मान हलवली नाहीत."

"तुझं तू ठरवायचं होतंस."

"आणि मी वरून जमतं अशी खूण केली असती तर?"

"तर मी मानलं असतं."

तिने दुसरा मोजा घातला. "म्हणून तर नाही केली," ती म्हणाली. "तुम्ही मानणार असाल तर मग खोटं कसं सांगायचं?"

आणि मग ती रडली. निवड हुकल्यावर बारा वर्षांचं मूल रडतं तशी, नाक गळेपर्यंत, ओरडून. आई खाली आली आणि तिला पोटाशी धरलं. मला म्हणाली, उद्या सराव आहे का? मी आहे म्हणाले. त्या दोघी गेल्या आणि मी त्या खुर्च्यांमध्ये बसून राहिले. सफाईवाला आला आणि म्हणाला, बाई, मॅट उचलायचेत.

माहितीपत्रकं मी सकाळी रद्दीत टाकली. संध्याकाळी मुलींना आणि बाहेर बसणाऱ्या आयांना खरं काय ते सांगणार आहे. सोळा तारखेला तुला लिहिलं की सगळं सांगून झालं. झालं नव्हतं. तुला बाजूला सर म्हटलं एवढंच लिहिलं, कारण तेवढ्यावर माझी चूक धीट पोरीची चूक वाटते. फाजील आत्मविश्वास, वय लहान, लोक माफ करतात. पुढचं मी टाचणीचं वाक्य ऐकेपर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मी सर म्हटल्यावर तू लगेच सरली नव्हतीस. तू माझ्या घोट्यावर हात ठेवून खालून वर बघितलं होतंस आणि विचारलं होतंस, "नक्की?"

मला जमत नव्हतं, ताई. तुझ्या हाताशिवाय मी ती एकदाही केली नव्हती, आणि हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. तू विचारलंस, मी तुझ्या डोळ्यांत बघितलं आणि नक्की म्हणाले. तू माझं खरं मानलंस.

धाकटी